परलोक माणसाला सुचला कसा?

दशक्रियेच्या प्रवचनाला जो उभा राहतो, त्याला एक प्रश्न चुकवता येत नाही. नदीकाठ असतो, पिंड मांडायची तयारी चाललेली असते, माणसे आंब्याच्या शेंड्याकडे पाहत बसलेली असतात, आणि पिंडाची वेळ होईपर्यंत महाराजांनी चार शब्द सांगावेत अशी अपेक्षा असते. आम्ही सांगतो. जीर्ण वस्त्राचा दृष्टान्त सांगतो, नचिकेत्याचे आख्यान लावतो. लोक माना डोलावतात. पण गेलेला माणूस कोठे गेला, हे ऐकणाराला खरोखर कळले की काय, हे आम्हांला तीस-पस्तीस वर्षांत छातीवर हात ठेवून सांगता आलेले नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दहाव्याला प्रवचन संपल्यावर एक बाई कडेला उभी राहिली. दहावा तिच्या सासऱ्याचा होता. म्हातारबांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला होता, घरचे समाधानात होते. ती म्हणाली, "महाराज, मामांजींचं समदं झालं. माझं लेकरू चैतात गेलं, दीड वर्षाचं होतं. त्याचं दहावं न्हाई, पिंड न्हाई, पानी सुदिक न्हाई. मग त्यानं कोन्च्या वाटंनं जायचं?" आम्ही पाठशाळेत शिकलेले सांगून टाकले. माउली, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला भूमीत निक्षेप करावा, त्याला अग्नी नाही व उदकही नाही, असे याज्ञवल्क्य आणि मनू दोघेही सांगतात. "बरं," एवढेच ती म्हणाली आणि भांडी गोळा करायला गेली. तिचे ते "बरं" आमच्या कानांतून काही केल्या जाईना. पुढे आम्ही या विषयाचे जे वाचन केले, जे जाणत्यांना विचारले, ते या "बरं"मुळे. ते वाचकांपुढे ठेवतो.

परलोक आहे की नाही, हा एक प्रश्न. परलोक आहे असे माणसाला वाटू कधी लागले आणि का लागले, हा दुसरा. पहिल्याला श्रुती प्रमाण. दुसरा मात्र माणसाच्या इतिहासाचा प्रश्न आहे, तेथे माती उकरणाराचे ऐकले पाहिजे. दोन्ही एकात कालवले म्हणजे शास्त्रीही चिडतात आणि प्रोफेसरही.

तर माती काय सांगते? आफ्रिकेत केनिया देशाच्या किनाऱ्याजवळ पांगा या सैदी नावाची एक गुहा आहे. तेथे सापडलेल्या एका दफनाचा वृत्तान्त २०२१ साली प्रसिद्ध झाला. काळ आजपासून सुमारे ७८,००० वर्षांपूर्वीचा. आफ्रिकेत आजवर ठाऊक झालेले हे सर्वांत जुने दफन. आणि ते कोणाचे? कोणा राजाचे नव्हे, पुढाऱ्याचे नव्हे. अडीच-तीन वर्षांच्या मुलाचे! मुद्दाम खड्डा खणून, गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर निजविलेले. हाडांच्या ठेवणीवरून विद्वानांनी असे ताडले आहे की देह कशात तरी गुंडाळलेला असावा, आणि डोक्याखाली पुढे कुजून गेलेले असे काहीतरी मऊ ठेवलेले असावे. म्हणजे उशी. त्या मुलाला त्यांनी 'म्टोटो' असे नाव दिले आहे. तेथल्या स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ 'बाळ' एवढाच.

हे वाचून आमच्या डोळ्यांत पाणी आले, ते लपवीत नाही. पण डोळ्यांत पाणी येणे हे प्रमाण नव्हे. येथे आम्हांला न्यायाचे जुने गुरुजी आठवले. पुरले म्हणून परलोक मानला, असे कोणी म्हटले असते तर गुरुजींनी लागलीच विचारले असते : हेतू सव्यभिचार नाही ना? धुरावरून अग्नी सिद्ध होतो, कारण अग्नीवाचून धूर नाही. पण परलोकाच्या कल्पनेवाचून पुरणे नाही, असे कोठे आहे? आपला शेतकरी जन्मभर राबलेला बैल मेला म्हणजे त्याला बांधाशी पुरतो, वर हळदकुंकू वाहतो. बैलाचा दहावा तो घालीत नाही. कोल्ह्या-कुत्र्यांनी ओढू नये म्हणूनही माणूस पुरील, माया आहे म्हणूनही पुरील. तेव्हा उशी ही मायेची साक्ष झाली. परलोकाची साक्ष अजून झाली नाही.

तसल्याच अनुमानाची आणखी एक गोष्ट इराकातील शानिदार गुहेची. तेथे १९६० साली सापडलेल्या निअँडरथल जातीच्या मनुष्याच्या भोवती फुलांचे पराग मिळाले, आणि त्याला फुले वाहून पुरले असे जगभर छापून आले. पुढे शंका निघाली की ते पराग बिळे करणाऱ्या उंदरांनी किंवा भुई पोखरणाऱ्या मधमाश्यांनीही आत नेलेले असतील. वाद अजून आहे. आम्ही स्वतः ती फुलांची गोष्ट कीर्तनात दोनदा सांगितली आहे. आता सांगत नाही.

रशियात सुंगीर येथे मात्र पारडे दुसरीकडे झुकते. सुमारे ३४,००० वर्षांपूर्वी पुरलेली तेथली दोन मुले. त्यांच्या अंगावर मॅमथ नावाच्या प्राचीन हत्तीच्या दातांचे १०,००० हून अधिक मणी होते आणि शेजारी त्याच दातांचे लांब भाले होते. एकेक मणी हाताने घासायचा म्हणजे किती दिवस गेले असतील! एवढा ऐवज मातीत घालणारे लोक, तो कोठेतरी उपयोगी पडेल असे मानीत असले पाहिजेत, असे म्हणायला आता जागा आहे. जागाच, बरे का. सिद्धान्त नव्हे.

आता आपल्या घरी या. नेवासे कोणा वारकऱ्याला सांगायला नको. पैसाच्या खांबाला टेकून माउलींनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ सांगितला ते हे गाव. त्याच प्रवरेच्या काठच्या टेकाडात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, देव, अन्सारी या विद्वानांनी १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केले. माउलींच्याही आधी दोन-अडीच हजार वर्षे तेथे शेतकरी राहत होते, तांबे आणि दगड दोन्ही वापरीत होते. त्यांच्या घरांच्या जमिनी उकरल्या तेव्हा जमिनीखाली मडकी निघाली. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आणि आत तान्ह्या मुलांच्या अस्थी. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांत अडकलेल्या धाग्याचा तुकडा तपासला तेव्हा त्यात रेशीम व कापूस सापडले. असली दफने प्रवरा, घोड या नद्यांच्या काठी पुष्कळ आहेत. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ पर्यंत खणती चालली, तेथेही मुलांची अशीच मडकी मिळाली.

मडके म्हणजे पोट, तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी म्हणजे गर्भाशय, आणि लेकरू पुन्हा त्याच आईच्या पोटी यावे म्हणून ते घरातच ठेविले, असा काहीजण अर्थ लावतात. आम्हांला तो गोड वाटतो, आणि म्हणूनच त्याविषयी आम्ही सावध आहो. पण इनामगावलाच एक गोष्ट अशी आहे की ती मायेने उलगडत नाही. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखाली त्याचे पाय तोडीत. का? मेलेला उठून चालू लागू नये म्हणून, असे उत्खनन करणाऱ्यांचे अनुमान आहे. हे अनुमान खरे असेल तर तेथे परलोकाची कल्पना नक्की होती, आणि तीत भयही होते. एकाच घराच्या जमिनीखाली लेकराला माळ घालून ठेवायचे आणि बापाचे पाय तोडायचे. मनुष्याचे मन असे दोन्हीकडून ओढलेले असते. आपणही मृताच्या फोटोला हार घालतो आणि स्मशानातून परतताना मागे वळून पाहत नाही.

टायलर नावाचे इंग्रज पंडित १८७१ साली असे मांडून गेले की परलोकाचे मूळ स्वप्नात आहे. बाप मेला, देह जाळला, आणि तिसऱ्या रात्री तो स्वप्नात येऊन बोलला. तेव्हा देहाहून वेगळे काहीतरी असले पाहिजे, असे आदिमानवाला वाटले. पुष्कळांना हे नास्तिकपणाचे वाटते. आम्हांला नाही वाटत. बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला काय सांगतात? पुरुषाची दोन स्थाने, हा लोक आणि परलोक, आणि स्वप्न हे त्या दोहोंच्या सांध्यावरचे तिसरे स्थान, तेथे उभा राहून तो दोन्हीकडे पाहतो. टायलरसाहेबांना जे मूळ सापडले ते आमच्या ऋषींच्या पायाखालच्या वाटेवरच होते. अंतर एवढे, की साहेब स्वप्नाला भ्रम म्हणतात आणि याज्ञवल्क्य त्याला उंबरठा म्हणतात. मात्र स्वप्नाने सगळे उलगडत नाही. स्वप्नात दिसलेल्या बापाला जेवायला का घालावे, हे त्याने कळत नाही.

अलीकडचे मानसशास्त्री लहान मुलांना विचारतात. बेरिंग आणि ब्योर्कलुंड या दोघांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. सुसरीने उंदराच्या पिलाला खाल्ले. मग विचारले, आता त्याला भूक लागेल का? नाही, असे पुष्कळांनी सांगितले. आईची माया असेल का? लहानांपैकी बहुतेक म्हणाली, हो, असेल. मूल जसजसे मोठे, तसतसे असे म्हणणे कमी होत गेले. यावरून त्यांचे म्हणणे असे की ही समजूत कोणी शिकवून येत नाही, मनातच उपजते, कारण शिकवणीची असती तर वयाबरोबर वाढली असती.

वाचून आम्ही खूष झालो होतो, इतक्यात दुसरे वाचनात आले. मादागास्कर बेटावर अस्तुती आणि हॅरिस यांनी २००८ साली नेमके उलटे दाखविले. तेथील लहान मुले सांगतात, मेला म्हणजे सगळे संपले. पितर ऐकतात, पाहतात, हे ती मोठी झाल्यावर शिकतात. आणि मोठ्या माणसांचेही असे, की रोग्याच्या प्रेताची गोष्ट सांगून विचारले तर त्यांतले पुष्कळ म्हणतात, काही उरत नाही. तीच गोष्ट पितरांच्या थडग्यापाशी नेऊन विचारली तर जास्त जण म्हणतात, तो जाणतो, आठवतो. दवाखान्यात एक उत्तर, घाटावर दुसरे! यात ढोंग नाही. आमच्या आळंदीच्या घाटावर आम्ही हे डोळ्यांनी पाहतो. शहरातला, शिकलेला, काही न मानणारा मुलगा पिंडापाशी उभा राहतो, कावळा येत नाही, अर्धा तास जातो, आणि तोच हात जोडून म्हणतो, "दादा, ताईचं लग्न मी करून देईन, काळजी नका करू." मग कावळा येतो किंवा येत नाही, दर्भाचा करून लावतात. पण ते वाक्य तो मेलेल्या बापाशी बोललेला असतो.

वेदांत या कल्पनेची वाढ पायरीपायरीने दिसते, आणि ती पाहण्यासारखी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम हा दंड घेतलेला न्यायाधीश नाही. विवस्वताच्या त्या पुत्राने पुढे जाऊन पितरांची वाट शोधून काढली. मर्त्यांत जो पहिल्याने मेला तो यम, असे अथर्ववेद सांगतो. म्हणजे यम हा आपल्यातलाच, फक्त पहिला. वाटेवर सरमेची दोन चार डोळ्यांची कुत्री आहेत. पुढे उजेड आहे, पितर आहेत, मेजवानी आहे. नरकाचे वर्णन म्हणावे असे जवळजवळ नाही. त्याच मंडलातील अग्निसंस्काराच्या सूक्तात डोळा सूर्याकडे जावो, श्वास वाऱ्याकडे जावो, हवे तर वनस्पतींत राहा, अशा तऱ्हेचे सांगणे आहे, म्हणजे वाट अजून एक ठरलेली नाही. आणि दुसऱ्या एका सूक्तात भूमीला विनविले आहे की आईने पदराखाली लेकराला घ्यावे तसे तू याला घे. जाळणे आणि पुरणे दोन्ही तेथे आहे.

ग्रीकांचा सर्वांत जुना परलोकही सगळ्यांना सारखाच, अंधारा आणि फिका. बाबिलोनकडे गिलगामेश नावाच्या राजाची कथा आहे, तीतही धुळीचेच घर. मिसरात राजा उनासच्या पिरॅमिडात, इ. स. पूर्वी सुमारे २३५० मध्ये, भिंतीवर राजाला वर चढविण्याचे मंत्र कोरले, आणि पुढे तेथे प्रत्येकाचे हृदय सत्याच्या पिसाशी तोलण्याची कल्पना वाढली. आपल्या चित्रगुप्ताची ही दूरची भावकी. यावरून एवढे दिसते की मनुष्याने आधी परलोक मानला आणि न्याय त्यात मागाहून नेला. पापपुण्याचा धाक घालण्यासाठी पुरोहितांनी परलोक रचला, असे काही सुधारक म्हणत आले, ते या क्रमाशी जुळत नाही. धाक मागून आला. पुरोहितांनी त्याचा उपयोग केला, हे आम्हीही नाकारीत नाही. आमच्याच धंद्यातली माणसे, आम्ही नाकारून कसे चालेल?

ब्राह्मणग्रंथांच्या काळी एक नवीच भीती उत्पन्न झाली : तेथे गेलेला माणूस तेथेही मेला तर? तिला 'पुनर्मृत्यू' म्हणतात. पितरांना अन्न पोहोचविण्याची धडपड या भीतीच्या जवळची आहे. आणि मग उपनिषदांत एक प्रश्न येतो, तो आम्हांला फार आवडतो. प्रवाहण जैवली राजा श्वेतकेतूला विचारतो, इतके लोक मरून तिकडे जातात, तर तो लोक भरून कसा जात नाही? किती साधा प्रश्न! मुक्कामाची धर्मशाळा दर वारीला भरते, मग परलोक का भरत नाही? श्वेतकेतूला उत्तर आले नाही, त्याच्या बापालाही आले नाही. बाप राजाकडे समिधा घेतल्यासारखा शिष्य होऊन गेला, आणि राजा म्हणाला की ही विद्या याआधी ब्राह्मणांकडे गेलेली नाही. परत येणारे आहेत म्हणून तो लोक भरत नाही, हे उत्तर. पुनर्जन्म श्रुतीत स्पष्टपणे येतो तो असा, एका हिशेबाच्या प्रश्नातून.

आर्तभागाची गोष्टही अशीच. वाणी अग्नीत गेली, डोळा सूर्यात गेला, तर मग हा पुरुष राहिला कोठे, असे त्याने भर सभेत याज्ञवल्क्यांना विचारले. याज्ञवल्क्यांनी काय केले? "हे चारचौघांत बोलायचे नाही," अशा भावाने त्याचा हात धरला आणि त्याला बाजूला नेले. दोघे जे बोलले ते कर्माविषयी बोलले, एवढेच उपनिषद सांगते. आम्हांला पूर्वी यात गूढविद्या दिसे. आता असे वाटते की ज्याला हा प्रश्न खरोखर पडला आहे त्याचा हात धरून बाजूला न्यावे लागते. आम्ही त्या बाईला भांड्यांच्या ढिगाशी उभी ठेवून दोन स्मृती ऐकविल्या होत्या.

चार्वाकाची थट्टा प्रसिद्ध आहे : इथे घातलेले मेलेल्याला पोहोचत असेल, तर वाटसरूने शिदोरी का बांधावी? वारीला निघालेल्याच्या घरी पान वाढले की तो दिवेघाटात तृप्त व्हावा! प्रश्न खोटा नाही. त्याला आमच्या संप्रदायाचे उत्तर तर्कातले नाही, पैठणच्या वाड्यातले आहे. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला, वासाने अंत्यजांची भुकेली मुले-माणसे थबकली, नाथांनी ते अन्न त्यांना वाढले. ब्राह्मण रुसले. मग पितर स्वतः येऊन जेवले अशी कथा महिपती सांगतात. पितर आले की नाही यावर वाद घालणाराने घालावा. भुकेलेले जेवले, यावर वाद नाही.

संतांना स्वर्गाचे कौतुक मुळातच कमी. नवव्या अध्यायात माउलींनी स्वर्गाला नेणाऱ्या पुण्यालाही पापाच्याच पंक्तीला बसविले आहे. तुकोबांनी मुक्ती नाकारून पुन्हा गर्भवास मागितला. नामदेवरायांनी महाद्वाराची पायरी पत्करली. चोखोबा मंगळवेढ्याच्या भिंतीखाली गेले, ते १३३८ साल मानतात. ढिगाऱ्यात अनेकांच्या अस्थी, त्यांतल्या चोखोबांच्या कोणत्या? नामदेवांनी एकेक हाड कानाशी लावले, ज्यातून विठ्ठलनाम उमटले ते पदरात घेतले. आमच्या परंपरेत मेल्यानंतर उरते ते हे, नाम.

येथे आम्हांला आमची चूक सापडली. नेवाशाहून परतल्यावर मनुस्मृतीचा पाचवा अध्याय पुन्हा काढला. दोन वर्षांच्या आतले मूल गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे, त्याला अग्नी नाही, उदक नाही, अरण्यात लाकूड टाकावे तसे टाकून यावे, हे आम्हांला पाठ होते. नेवाशाच्या त्या निरक्षर शेतकऱ्यांनी लेकराला उंबऱ्याच्या आत घेतले, आणि आम्ही पाठांतरवाल्यांनी त्याला रानातले लाकूड केले. पण लगेच पुढच्या श्लोकात काय आहे? तीन वर्षांच्या आत उदक नाही खरे, परंतु दात आले असतील, किंवा नाव ठेवले गेले असेल, तर द्यावयास हरकत नाही. हा विकल्प आम्ही शिकलो होतो, आणि त्या दिवशी तो जिभेवर आला नाही. नियम आठवला, सवलत विसरलो. शास्त्र सांगणाराच्या हातून हे फार होते.

पुढच्या आषाढीला पंढरपुरात तिची दिंडी आम्ही शोधून काढली. तिला वाळवंटात बाजूला घेऊन म्हटले, "माउली, मागे मी तुला अर्धेच सांगितले. बाळाचे बारसे झाले होते का?" ती म्हणाली, "झालं व्हतं की. दातबी चार आले व्हते." आम्ही म्हटले, "मग पाणी चालते. शास्त्रात आहे. मला आठवले नव्हते." ती काही वेळ बोलली नाही. मग चंद्रभागेत गुडघाभर पाण्यात गेली, ओंजळ भरली, आणि त्याचे नाव घेऊन तीनदा पाणी सोडले. नाव आम्ही ऐकले.